ब्रह्मदेशातील योक थे : बाहुल्यांना मिळालेली मुभा

ब्रह्मदेशातील (आजच्या म्यानमारमधील) ‘योक थे’ ही कळसूत्री बाहुल्यांची कला मुख्यतः मुलांच्या करमणुकीसाठी होती, असे एका वाचकाने म्हटले आहे. ते मला पटत नाही. कोनबाउंग या तिथल्या शेवटच्या राजघराण्याच्या आश्रयाने ‘योक थे’ बहरले, तेव्हा जातककथांवर बेतलेले त्याचे खेळ रात्रभर चालत आणि समोर दरबारी व प्रौढ प्रेक्षक असत. राजासमोर जे बोलणे माणसाच्या जिवावर बेतू शकले असते, ते बाहुलीच्या तोंडून बोलण्याची मुभा होती, आणि माझ्या मते या परंपरेचे खरे बळ तेच आहे.

पारंपरिक संचात 28 बाहुल्या असतात. आरंभी हिमवंत या पौराणिक अरण्याच्या दृश्यात घोडा, राक्षस, किमयागार झॉजी असे एकेक पात्र येऊन नाचते, आणि गुडघ्याची घडी, मनगटाची वळणे दोऱ्यांवर इतकी नेमकी उतरतात की हाडामांसाचे नर्तकही बाहुल्यांच्या हालचालींचे अनुकरण करू लागले.

1885 मध्ये इंग्रजांनी या घराण्यातील शेवटच्या थिबा राजाला (ज्याला पुढे आपल्या रत्नागिरीत ठेवले) पदच्युत केले आणि राजाश्रय तुटला. मंडालेत 1986 पासून एक बाहुलीनाट्यगृह ही कला जतन करत आहे. मात्र पर्यटकांसाठी खेळ तासाभरावर आल्याने संवादांचा भाग आक्रसला, याचे मला फार वाईट वाटते.