मदत हवी आहे: फवारणीची विषबाधा, दवाखाना दूर

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं. २०१७ ची फवारणीची मरणं इथं कोणी विसरलं नाही. काल पऱ्हाटीवर मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक मारताना काका भोवळून पडले. तोंडाला लाळ, अंगभर घाम, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. कपडे काढले, साबणानं अंग धुतलं, १०८ बोलावली. आता अ‍ॅट्रोपिन हे उताऱ्याचं औषध सुरू आहे. डॉक्टर म्हणाले, हे कीटकनाशक शरीरातलं जे एन्झाइम बंद पाडतं, तेच १९९५ ला टोकियोच्या मेट्रोत सोडलेला सरीन हा विषारी वायूही बंद पाडतो. आणि आम्ही हे पाठीवर घेऊन फिरतो!

प्रॅलिडॉक्साइम हे या विषबाधेवरचं दुसरं औषध गावाजवळच्या आरोग्य केंद्रात ठेवता येतं का? त्यासाठी अर्ज कोणाकडं करायचा? कपडे काढणाऱ्यानं हातमोजे कोणते घालावेत? मी उघड्या हातानंच काढले. तेव्हापासून डोकं दुखतंय, जागरणानंही असेल. दाखवून घेऊ का?