अनुभव धागा: फादरांची शाळा

काल वसईत पापडीच्या नाक्यावर भंगारवाल्याचा टेम्पो उभा होता, वर आमच्या शाळेची बाकं. कोपऱ्यात दौतीचं भोक! दौत आम्ही कधी पाहिली नाही, आम्ही त्यात चिंचोके कोंबायचो. तेव्हा फक्त मुलांची शाळा, वसतिगृह नाही. सुटली की सायकली हाणत आपापल्या वाडीत. आता मुलीही आहेत. पाटीवरचं ‘मुलांची’ रंग मारून झाकलंय, पण पावसात भिजलं की खालून दिसतं. लिहा, कुणाला काय आठवतंय ते.

पंक्चरवाला: पाटीचं अगदी खरं 😂

आठवी-ब: बारा वाजता चर्चची घंटा झाली की जिथे असू तिथे प्रार्थनेला उभं राहायचं. एकदा पेनल्टी मारायला धावत होतो. थांबलो. गोलकीपर ख्रिस्ती नव्हता तरी डोळे मिटून उभा. चेंडू गेला गटारात.

मोठेकाका: तुम्ही नंतरचे. आम्ही मिस्साला (चर्चमधली मुख्य उपासना) लॅटिन उत्तरं पाठ म्हणायचो, अर्थ शून्य. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (कॅथलिक चर्चची मोठी सभा, १९६२-६५) मराठी आलं. आई पहिल्यांदा ऐकून रडली.

किल्लेकर: फादर आम्हाला वसईच्या किल्ल्यात न्यायचे. जेझुइटांच्या (कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ) पडक्या भिंतींसमोर गोन्सालो गार्सियाची गोष्ट: आपल्या वसईचा मुलगा, १५९७ला नागासाकीत क्रुसावर, १८६२ला संत. मग १७३९, चिमाजी आप्पांनी पोर्तुगीजांकडून किल्ला घेतला ते. निम्मी मुलं टाळ्या पिटायची, निम्मी बुटांकडे बघायची. फादर म्हणायचे, दोन्ही आपलेच, डबे उघडा.

आठवी-ब: गार्सिया शिकला जेझुइटांकडे, झाला फ्रान्सिस्कन, म्हणजे दुसऱ्याच संघाचा. पेपरात उलटं लिहिलं म्हणून अर्धा मार्क गेला, अजून सलतो.

किल्लेकर: अर्ध्या मार्कावर चाळीस वर्षं? तुझं काही खरं नाही रे.

माहेर_आगाशी: मी शाळेतली नाही, भाऊ होता. त्याच्या डब्यात सुकेळी (सुकवलेली केळी) असायची ती मधल्या सुट्टीआधीच संपायची. कोण खायचं ते इथेच असेल!

पंक्चरवाला: 🙋

मोठेकाका: हल्ली चांगली सुकेळी कुठे मिळते? राजेळी केळी लावणारे कमी झाले म्हणतात. फोडणी करपतेय, आलोच.

माहेर_आगाशी: आईकडे विचारते, व्यनि करते.

सायबाची_वाडी: माझा अनुभव छडीचा. तो इथे नको.

आठवी-ब: अरे टेम्पोवाल्याचा नंबर घेतला का कुणी? एक बाक हवंय.

धागाकर्ता: मीच घेतलं एक. गॅलरीत मावत नाही, जिन्यात ठेवलंय. भोकात अजून एक चिंचोका अडकलाय.