जाडजूड दिसणारं मूल उपाशी असू शकतं का?

रेवती_म

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा एकांनी लिहिलं, ‘झोपडपट्टीतली मुलंसुद्धा आता गुटगुटीत दिसतात, म्हणजे उपासमार वगैरे नुसतं सांगण्यापुरतं उरलंय.’ बऱ्याच जणांनी री ओढली. मला हे चूक वाटतं, आणि चुकीपेक्षा घातक जास्त वाटतं, म्हणून धागा काढतेय.

माझं म्हणणं असं की ज्या घरात वीस तारखेनंतर डाळ दिसत नाही, त्याच घरातल्या मुलाचं वजन जास्त असू शकतं. पैसे कमी असले की माणूस आधी पोट भरेल ते घेतो. शंभर ग्रॅम ग्लुकोज बिस्किटांत साडेचारशेच्या आसपास कॅलरी आणि जेमतेम ७ ग्रॅम प्रथिनं. एका अंड्यात ७० कॅलरी आणि ६ ग्रॅम प्रथिनं. अंडं सात-आठ रुपयांना पडतं, तेही शिजवायला गॅस हवा आणि गॅसपाशी उभं राहायला घरात कुणी हवं. बिस्किटाचा पुडा कोपऱ्यावर पाच-दहा रुपयांत मिळतो. शाळेतून भुकेजून आलेलं मूल काय घेईल?

मी मानखुर्दच्या एका अभ्यासिकेत शिकवायला जाते. तिथल्या नववीतल्या एका मुलीचा दिवस सांगते. सकाळी चहा आणि दोन खाऱ्या. शाळेत काही नाही, कारण शालेय पोषण आहार आठवीपर्यंतच. दुपारी घर रिकामं, आई कामावर. ओट्यावर वीस रुपये ठेवलेले असतात, त्यात चायनीज भेळ नाहीतर वडापाव. संध्याकाळी अभ्यासिकेत येताना चिप्सचं पाकीट. रात्री दहाला आई आली की भात आणि बटाट्याचा रस्सा. ही मुलगी वर्गात सगळ्यांत जाड आहे, आणि तिच्या रक्ततपासणीत हिमोग्लोबिन कमी आलंय. तिला खायला मिळतंय असं म्हणायचं का?

रेशनचंही सांगते. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य (म्हणजे कमी उत्पन्नाच्या) कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य मिळतं, जानेवारी २०२३ पासून ते फुकट आहे. दिवसाला १६६ ग्रॅम. डाळ नाही, तेल नाही. आणि महाराष्ट्राच्या शहरी भागातले ४५.३४ टक्के लोकच या कायद्यात बसतात. शहरात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९,००० रुपये, म्हणजे महिन्याला पाच हजारही नाहीत. मुंबईत चार घरची धुणीभांडी करणारी बाई या मर्यादेच्या वर जाते.

अजय_पार्ले

कळकळ पोहोचली. पण तुम्ही एका मुलीवरून फार मोठा निष्कर्ष काढताय असं मला वाटतं.

२०१६ ते २०१८ मध्ये देशभर सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षण झालं. त्यात १० ते १९ वयोगटातली २४ टक्के मुलं हडकुळी निघाली, जादा वजनाची ५ टक्के. आणि ती ५ टक्केही जास्त करून शहरातली आणि सुखवस्तू घरांतली. म्हणजे आपल्याकडे अजूनही गरीब मूल बारीक आणि श्रीमंत मूल जाड, हेच चित्र आहे. गरिबीमुळे लठ्ठपणा येतो हा सिद्धांत अमेरिकेतला. विल्यम डिएट्झ यांनी १९९५ मध्ये एका लठ्ठ मुलीची केस मांडून ‘उपासमारीतून लठ्ठपणा येतो का’ असा प्रश्न विचारला, तिथून ही चर्चा वाढली. पण त्यानंतर तिथे झालेल्या अभ्यासांतही मुलांच्या बाबतीत एकवाक्यता नाही. काहींत संबंध सापडतो, काहींत नाही. मोठ्या बायकांमध्ये तो जास्त स्पष्ट दिसतो.

माझी भीती वेगळीच आहे. ‘गरिबांची मुलंही लठ्ठ’ असा गाजावाजा झाला की उद्या कुणीतरी म्हणेल, मग पोषण आहारातलं तेल कमी करा. २४ टक्क्यांचं नुकसान होईल, ५ टक्क्यांच्या नावाखाली.

सुमन_लालबाग

रेवती, तुझ्यापेक्षा वयाने मोठी आहे म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नकोस. चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत मी तीन मुलं वाढवली. नवऱ्याची गिरणी बंद पडलेली, मी खानावळीत पोळ्या लाटायचे. आमच्याकडेही महिनाअखेर यायची. पण घरात चवळी, मटकी, कुळीथ असायचेच. मुलांना पाकीट दिलं नाही कधी. चणे-शेंगदाणे खिशात घालून शाळेत पाठवायचे. आज आया पोराच्या हातात दहाची नोट ठेवतात आणि मोकळ्या होतात. गरिबी आहे हे खरं, पण सवय कुणी लावली? वाटीभर मटकी रात्री भिजत घालायला पैसे लागत नाहीत, लक्ष लागतं.

डॉ_वर्षा

मी बालरोगतज्ज्ञ आहे, उपनगरातल्या सार्वजनिक दवाखान्यात बसते. अजय यांनी दिलेले आकडे बरोबर आहेत, पण त्याच सर्वेक्षणात आणखी एक गोष्ट निघाली, ती सांगायला हवी. शाळकरी आणि किशोर वयातल्या साधारण दहापैकी एका मुलाची रक्तातली साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर होती. जादा वजनाची मुलं ५ टक्के आणि साखर वाढलेली १० टक्के, याचा अर्थ काय? बारीक दिसणारी मुलंही यात आहेत.

याचं उत्तर बऱ्याच अंशी पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामात आहे. त्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या आया आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास केला. ती बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं स्नायूंना कमी, पोटाच्या अवयवांना कमी, पण अंगातली चरबी मात्र वजनाच्या मानाने टिकून. आईच्या पोटात असताना कमी मिळालं की शरीर साठवायला शिकतं. असं मूल पुढे मैदा, साखर आणि तळणावर वाढलं की त्याचं पोट सुटतं, हातपाय काटकुळेच राहतात.

दवाखान्यात मला दिसतं ते हेच. वजन वयाला साजेसं असतं, आई खूश असते, आणि उंची मोजली की मूल खुजं निघतं, म्हणजे पोषण कमी पडलेलं आणि उंचीच्या मानाने वजन जास्त. नुसता वजनकाटा ठेवलेल्या शिबिरात हे मूल ‘उत्तम’ म्हणून घरी जातं. तेव्हा हडकुळी वेगळी आणि जाड वेगळी अशी दोन खाती करू नका. पुष्कळदा ती एकाच घरातली भावंडं असतात.

रेवती_म

वर्षाताई, उंचीचा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता, तो फार महत्त्वाचा आहे.

अजय, तुमची भीती रास्त आहे आणि तेल कमी करायला माझाही विरोध आहे. पण वारा कुठून कुठे वाहतोय तेही बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालच्या जादा वजनाच्या मुलांचं प्रमाण २०१५-१६ ला २.१ टक्के होतं, २०१९-२१ ला ३.४ झालं. युनिसेफच्या २०२५ च्या अहवालानुसार जगभरात ५ ते १९ वयोगटात लठ्ठ मुलांचं प्रमाण (९.४ टक्के) कमी वजनाच्या मुलांपेक्षा (९.२ टक्के) पहिल्यांदाच पुढे गेलं. आपण तिथे पोचलेलो नाही. पोचायची वाट बघायची का, एवढंच विचारतेय.

सुमनकाकू, राग अजिबात नाही. पण तुमच्या हातात दोन गोष्टी होत्या. खोली स्वतःची होती, आणि संध्याकाळी चुलीपाशी तुम्ही स्वतः होतात. मानखुर्दची ती आई सकाळी सातला लोकल पकडते आणि रात्री दहाला परत येते. गॅस छोट्या सिलिंडरमध्ये किलोवर भरून घेते. कुळीथ शिजायला जेवढा गॅस लागतो तेवढ्यात दोन वेळचा भात होतो. लक्ष नाही असं तिच्याबद्दल मी तरी म्हणणार नाही.

पूजा_गोवंडी

मी गोवंडीच्या बैंगनवाडीत वाढले, आता नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सगळे खाण्याबद्दल बोलताहेत, मला बाकीचं सांगायचंय.

आमच्या गल्लीत पाणी पहाटे येतं, कधी तीनला, कधी चारला. भरायला कोण उठतं? घरातली मोठी मुलगी. परत झोपून सहाला उठायचं. वर्षानुवर्षं अशी अर्धवट झोप झाली की भूक कशी बिघडते ते मला नर्सिंगला आल्यावर कळलं, पण दिवसभर गोड खावंसं वाटतं हे तेव्हाही जाणवायचं.

दुसरं, संडास. सार्वजनिक शौचालयाला रांग, आत अंधार, बाहेर टोळकं. म्हणून आम्ही मुली दिवसा मुद्दामच कमी खायचो, पाणी घोटभर प्यायचो. रात्री आई सोबत यायला असली की तेव्हा पोटभर जेवायचो आणि तसंच झोपायचो. डॉक्टर विचारतात ‘नाश्ता का करत नाहीस?’ हे कारण त्यांना कसं सांगणार!

आणि खेळ. सहावी-सातवीनंतर मुलीने गल्लीत धावायचं नाही. मैदान म्हणाल तर त्यावर गाड्या लागलेल्या किंवा मुलांचं क्रिकेट. माझं वजन बारावीत ७४ किलो होतं आणि पाळी चार-चार महिने यायची नाही. आम्हाला डाएट सांगणारे खूप भेटले. तेव्हा पाणी सकाळी सातला आलं असतं तर मला जास्त उपयोग झाला असता.

सुमनकाकू, माझी आई मटकी भिजवायची. पण मोड यायला ठेवलेल्या फडक्यावरून उंदीर फिरायचे, मग तिने सोडून दिलं.

सुमन_लालबाग

पूजा, बाळ, उंदरांचं मला सुचलंच नसतं. तरीही माझं मत पूर्ण बदललेलं नाही. पाकिटावर जाहिरात कुणासाठी असते? मुलांसाठी. आईने नाही म्हणायला शिकलंच पाहिजे. पण तुझं वाचून मी हेही म्हणेन की शाळेच्या दारात ती पाकिटं विकू देऊ नयेत.

अजय_पार्ले

तसा नियम आहे, काकू. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमाप्रमाणे शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, साखर, मीठ असलेले पदार्थ विकता येत नाहीत. महाराष्ट्राने तर २०१७ मध्येच शाळांच्या उपाहारगृहांत जंक फूड बंद केलं होतं. पण गोवंडीत ५० मीटर म्हणजे किती? फाटकासमोरची टपरी हटवली तर पुढच्या वळणावर दुसरी आहेच. आणि त्या टपरीवाल्याचंही घर त्यावर चालतं.

मला कर हा मार्ग जास्त पटतो. केरळने २०१६ मध्ये ब्रँडेड हॉटेलांतल्या पिझ्झा-बर्गरवर साडेचौदा टक्के कर लावला होता, जीएसटी आल्यावर तो गेला.

रेवती_म

करात नेमकं उलट झालंय, अजय. सप्टेंबर २०२५ मध्ये गॅसवाली गोड पेयं ४० टक्क्यांच्या टप्प्यात गेली हे चांगलं झालं. पण त्याच फेरबदलात बिस्किटं आणि चॉकलेटं १८ वरून ५ टक्क्यांवर आली, फरसाण आणि झटपट नूडल्स १२ वरून ५ वर. आणि समजा उलट करून पाकीट महाग केलं, तर त्या मुलीच्या वीस रुपयांत काय येईल? आधी तिच्या हातात दुसरं काहीतरी द्या, मग पाकीट महाग करा. एकट्या कराने ती फक्त जास्त उपाशी राहील.

माझी मागणी एकच आहे. नववी-दहावीच्या मुलांना महापालिका शाळांत दुपारचं जेवण द्या, आणि त्यात अंडं नाहीतर केळं-शेंगदाणे द्या. अंगणवाडी सहा वर्षांपर्यंत, शाळेचा आहार आठवीपर्यंत. किशोरींसाठीची केंद्राची योजना २०२२ पासून १४ ते १८ च्या मुलींना आहे, पण आपल्या राज्यात ती नंदुरबार, वाशीम, गडचिरोली, धाराशिव या आकांक्षित (म्हणजे केंद्राने मागास म्हणून निवडलेल्या) जिल्ह्यांपुरती. मुंबईतली चौदा वर्षांची गरीब मुलगी कुठल्याच यादीत नाही.

शिक्षक_कुर्ला

महापालिका शाळेत शिकवतो. रेवतीताई, मागणी योग्य आहे, पण आहे ते ताट आधी बघा. कायद्याने प्राथमिकला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, उच्च प्राथमिकला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम. प्रत्यक्षात मध्यवर्ती स्वयंपाकघरातून डबे येतात तोवर खिचडी गार होऊन घट्ट झालेली असते. डाळ खाली बसते, आधी वाढलेल्या मुलांना वरचा नुसता भात मिळतो. मोठ्या वर्गातली पोरं लाजून घेत नाहीत, म्हणतात हे लहान मुलांचं आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडं सुरू झालं, तेव्हा हीच पोरं रांगेत पुढे यायची. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने अंड्याचा निधी थांबवला, लोकवर्गणीतून द्या म्हणाले. कुर्ल्यात लोकवर्गणी कुणाकडून काढू?

अजय_पार्ले

सर, नववी-दहावीला मी ‘हो’ म्हणतो. प्रत्येक मुलाला, वजन न विचारता. आकड्यांवरून आमचं भांडण राहू दे, त्या ताटाला ते आड येत नाही. पण पैशांचं काय? पालिका म्हणेल राज्याने द्यावेत, राज्य म्हणेल केंद्राने.

पूजा_गोवंडी

पैशांचं मला माहीत नाही. वेळेचं सांगते. आमची शाळा दुपारच्या पाळीची होती, साडेबारा ते सहा. जेवण मधल्या सुट्टीत चारला दिलंत तर तोवर मुलींनी वीस रुपये खर्च केलेले असतील. शाळा भरायच्या आधी, बाराला द्या. आणि शाळेतला मुलींचा संडास तेवढा उघडा ठेवा, नाहीतर ताट समोर असूनही त्या जेवणार नाहीत.