लिनक्सचं घड्याळ चुकतंय? तुमचा अनुभव लिहा

गेल्या आठवड्यात माझ्या संगणकाचं घड्याळ अचानक कित्येक वर्षं मागे गेलं. ब्राउझर एकही साइट उघडेना, कारण त्याच्या लेखी साइटची ओळख पटवणारी सगळी सर्टिफिकेटं अजून लागूच झाली नव्हती. मी दोन तास नेटलाच दोष देत बसले. शेवटी संगणक बंद असताना घड्याळ चालू ठेवणारा मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल मोजला, तर ३ व्होल्टच्या जागी २.४. सेल बदलला आणि सुटले. तुमचं काय झालं होतं? नुसता उपाय नको, कारण कसं सापडलं तेही लिहा.

*

माझ्याकडे विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत. विंडोजमध्ये जाऊन आलं की लिनक्समधली वेळ चुकायची, आणि फरक दर वेळी बरोब्बर टाइमझोनइतका. खूण हीच, कारण सेल उतरला तर चूक अशी ठरावीक नसते. विंडोज हार्डवेअरच्या घड्याळात स्थानिक वेळ लिहितं, लिनक्स तीच यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, समजतं. लिनक्समधली 'टाइमडेटसीटीएल' ही कमांड चालवून आरटीसीची (हेच ते हार्डवेअरचं घड्याळ) आणि यूटीसीची ओळ ताडून पाहिली, तेव्हा उलगडा झाला. मग विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे त्याच्या सेटिंगांच्या साठ्यात, 'रिअलटाइमइजयुनिव्हर्सल' १ केलं, म्हणजे तेही यूटीसीच धरतं. लिनक्सलाच स्थानिक वेळेवर आणता येतं, पण ते करू नका. उन्हाळी वेळ जिथे पाळतात तिथे दोन्ही सिस्टिमी आपापला तास सरकवतात आणि पुन्हा गोंधळ होतो.

*

रास्पबेरी पाय ४ या छोट्या एकाच बोर्डाच्या संगणकात आरटीसीच नाही. वीज जाऊन आली आणि नेट नसलं, की तो शेवटी साठवलेल्या वेळेपासून पुढे मोजू लागतो. माझ्या तापमानाच्या नोंदी त्यामुळे एकमेकींवर चढल्या, ते फार लागलं मनाला. आता डीएस३२३१ हे वेगळं आरटीसी जोडलंय.

*

माझं व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालणारा आभासी संगणक) थांबवून पुन्हा सुरू केलं की ४० मिनिटं मागे असायचं. नेटवरून वेळ जुळवणारा क्रोनी हा प्रोग्राम चालू होता, तरी वेळ पटकन जुळेना. कॉन्फिगमध्ये 'मेकस्टेप १.० ३' होतं, म्हणजे एकदम उडी फक्त पहिल्या तीन अपडेटांपुरती. त्यानंतर ते घड्याळ हळूहळू ओढतं, दर सेकंदाला फार तर सेकंदाच्या बाराव्या हिश्शाने. म्हणजे ४० मिनिटांना आठ तास! त्या ओळीतला शेवटचा आकडा उणे १ केला, म्हणजे उडी कधीही मारता येते. डेटाबेस चालत असेल तर मात्र अशी उडी विचार करूनच द्या.

*

आमच्याकडे फायरवॉलने यूडीपी १२३ पोर्ट, म्हणजे नेटवरून वेळ येते ती वाट, अडवलं होतं. ते उघडताच मिनिटभरात वेळ जुळली.