मिसाबंदीतले दिवस : घरातल्या आठवणी लिहा

२५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी लागली, २१ मार्च १९७७ ला उठली. मिसाखाली, म्हणजे खटल्याविना डांबून ठेवणाऱ्या अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली, धरायला पोलीस दारात कसे आले हे बहुतेक घरांत सांगून झालंय. आत दिवस कसे गेले, काय वाचलं, काय गायलं, कशाला नाही म्हटलं, ते इथे लिहा. सांगणारी माणसं भराभर जात आहेत.

•
बाबा नाशिक रोडच्या तुरुंगात होते. पेशाने शिक्षक. बराकीत इंग्रजीचा वर्ग घेत आणि स्वतः एका प्राध्यापकांकडे संस्कृत शिकत. हस्तलिखित अंक निघायचा. अक्षर वळणदार म्हणून उतरवून काढायचं काम बाबांकडे. एक वही आमच्याकडे आहे. लाल पेन्सिलीने आखलेले समास, मुखपृष्ठावर डकवलेलं पिंपळपान, आणि मधली काही पानं ब्लेडने कापलेली. झडती होणार असं कळल्यावर ती त्यांनीच काढली. त्यात काय होतं ते शेवटपर्यंत बोलले नाहीत. लिहिणाऱ्याला शब्द दिला होता.

•
काका संघाचे, येरवड्यात. शेजारच्या वळकटीवर जमाते इस्लामीचे गृहस्थ. दोन्ही संघटनांवर ४ जुलै १९७५ लाच बंदी आली होती. रमजानमध्ये काका आपल्या वाटणीचं केळं त्यांच्यासाठी राखून ठेवायचे. वाद मात्र रोज, कडाक्याचे. मला त्या केळ्याइतकाच तो वादही मोलाचा वाटतो.

•
आई येरवड्याच्या महिला विभागात. समाजवादी नेत्या प्रमिला दंडवते तिथेच होत्या, त्यांचे पती मधू दंडवते बंगळूरच्या तुरुंगात. नवराबायकोची पत्रं सेन्सॉरमधून जायची. आईने शिक्षा भोगणाऱ्या बायकांना अक्षरओळख करून दिली, त्यांनी तिला जात्यावरच्या ओव्या दिल्या. एकीने पाटीवर पहिल्यांदा लिहिलं ते मुलाचं नाव आणि त्यापुढे गाव. आजी अंथरुणाला खिळली तेव्हा पॅरोलसाठी हमीपत्र मागितलं. आजीनेच निरोप धाडला, "सही करून येऊ नकोस." आई सुटली ती निवडणुका जाहीर झाल्यावर. आजी तोवर गेली होती.

•
मी स्वतः होतो, विशीतला. रात्री कुलपं लागली की एका बराकीने कडवं उचलायचं, पुढचं दुसरीने. वॉर्डर धावत यायचा तोवर गाणं तिसरीकडे पोचलेलं.
वर वहीबद्दल लिहिलंय त्यांना विनंती : स्कॅन करून ठेवा, शाई फिकी पडते. पुण्यात असाल तर मी येतो, ती अक्षरं मला बघायची आहेत.