मदत हवी आहे: नकाशावर एकच ठिपका, तोही समुद्रात

द्राक्षपंढरी: सकाळपासून डोकं लावून बसलोय. निफाड आणि दिंडोरी तालुक्यातल्या १४० द्राक्ष प्लॉटची लोकेशनं एक्सेलमध्ये आहेत. नकाशावर टाकली की एकच ठिपका येतो, तोही नॉर्वेच्या वर समुद्रात. उद्या दहाला मीटिंग आहे, प्लीज लवकर सांगा.

गोदाकाठ: सॉफ्टवेअर कोणतं? फाइलमधली एक ओळ जशीच्या तशी टाका इथे.

गडवाट: ते जे काही असेल ते सोडा आणि क्यूजीआयएस घ्या. फुकट आहे. तालुक्यांच्या हद्दी हव्यात ना? शेपफाइल (हद्दींच्या नकाशाची फाइल) घ्या, नाशिकच्या पंधराही तालुक्यांना वेगळे रंग देता येतात.

गोदाकाठ: हद्दी कुठे मागितल्यात त्यांनी? उद्या मीटिंग आहे, आज नवीन सॉफ्टवेअर कशाला शिकायला लावता!

गडवाट: शिकायचंय काय त्यात? एक्सला रेखांश, वायला अक्षांश, झाले ठिपके. रोज करतो म्हणून सांगतोय.

द्राक्षपंढरी: टॅब्लो आहे, लिहायचं राहिलं. ओळ अशी: गट नं. ११२, लॅटिट्यूड ७४.११, लाँगिट्यूड २०.०८

गोदाकाठ: अहो, कॉलमची नावं उलटी पडलीत. आपल्याकडे अक्षांश २० आणि रेखांश ७४. ७४ अंश उत्तर म्हटल्यावर ठिपका तिकडेच जाणार. हेडिंगं अदलाबदल करा. आणि ठिपका एकच, कारण टॅब्लो सगळ्या ओळींची सरासरी काढतं. गट नंबर ओढून 'डिटेल'वर टाका, म्हणजे प्रत्येक गटाचा वेगळा ठिपका येईल. नुसते आकडे असल्याने तो मेजरमध्ये (बेरीज-सरासरीच्या आकड्यांत) जाऊन बसला असेल, आधी डायमेन्शन (नुसती ओळख सांगणारा कॉलम) करून घ्या.

बागाईतदार: या प्लॉटची गोडी छाटणी (फळासाठीची छाटणी) झाली का? आमच्याकडे डावणी रोगाने फार त्रास दिलाय.

द्राक्षपंढरी: ठिपके नाशकात आले!! पण १२७ च दिसतात. आणि जिथे आमचा एकही प्लॉट नाही अशा जागीही काही आलेत.

गडवाट: म्हणून म्हणत होतो, क्यूजीआयएस.

बागाईतदार: गट नंबर प्रत्येक गावात नव्याने सुरू होतो. ११२ पिंपळगावात असेल आणि मोहाडीतही असेल. तुमचं सॉफ्टवेअर दोन्ही एकच धरून मधली जागा दाखवत असणार.

गोदाकाठ: बरोबर! माझ्या लक्षातच आलं नाही. गाव हा कॉलमही डिटेलवर टाका.

सातपूरकर: टॅब्लो पब्लिकवर चढवणार असाल तर शेतकऱ्यांची नावं आणि मोबाइल नंबर आधी काढा. तिथे टाकलेलं कोणालाही उघडता येतं. कुणाची बाग नेमकी कुठे आहे हे त्यांना न विचारता जगापुढे ठेवू नका.

द्राक्षपंढरी: पूर्ण १४० आले! नावांचा कॉलम काढतोय, नंबरही. बागाईतदार दादा, निम्म्या प्लॉटची छाटणी झालीय. डावणीचं रात्री व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.