प्रिंट गेली, डीसीपी आला: छोट्या मराठी चित्रपटाचं यात भलं झालं का?

वितरणवही (धागाकर्ता)

फिल्मची प्रिंट जाऊन डीसीपी, म्हणजे थिएटरला पाठवायची चित्रपटाची डिजिटल प्रत, आली, तेव्हा आता छोट्या निर्मात्याला थिएटर परवडेल असं सगळे म्हणत होते. माझं मत असं की चित्रपट लावणं स्वस्त झालं, पण टिकवणं महाग झालं. आणि छोटा मराठी चित्रपट चालतो तो टिकूनच, तोंडी प्रसिद्धीवर.

दोन तासांच्या चित्रपटाची 35 मिमी प्रिंट म्हणजे 10,800 फूट, जवळजवळ सव्वातीन किलोमीटर फिल्म. दोन-दोन हजार फुटांची सहा रिळं. शेवटच्या काळात एका प्रिंटला पन्नास ते सत्तर हजार रुपये पडत. रक्कम मोठी, पण एकदाच द्यायची, आणि प्रिंट मग निर्मात्याची मालमत्ता. पुण्यात तीन आठवडे, मग सातारा, कराड, सांगली, शेवटी जत्रेतला तंबू. तीच पेटी गावोगाव फिरायची आणि नव्या गावाला खर्च यायचा तो फक्त वाहतुकीचा.

आता आहे व्हीपीएफ, म्हणजे व्हर्च्युअल प्रिंट फी, डिजिटल पडद्यावर चित्रपट लावायला निर्माता-वितरकाने भरायची. अमेरिकेत ही कल्पना निघाली तेव्हा हिशोब सरळ होता: स्टुडिओचा प्रिंटचा खर्च वाचतोय, तर त्यातला काही भाग थिएटरच्या नव्या प्रोजेक्टरचं कर्ज फेडायला द्यावा आणि कर्ज फिटलं की थांबावं. आपल्याकडे प्रोजेक्टर आणि सर्व्हर कंपन्यांनी थिएटरांना भाड्याने बसवून दिले, आणि फी दर पडद्यामागे, दर चित्रपटामागे चालूच राहिली. 2018 च्या मार्चमध्ये तामिळ निर्मात्यांनी महिनाभराहून जास्त काळ नवे चित्रपट बंद ठेवले, ते प्रामुख्याने याच फीवरून.

आकडे लावून बघा. तिकीट 150 रुपये. 18 टक्के जीएसटी वजा जाता उरतात 127. मल्टिप्लेक्समध्ये पहिल्या आठवड्याचा वितरकाचा हिस्सा 50 टक्के, म्हणजे तिकिटामागे साडेत्रेसष्ट रुपये. एका पडद्याची फी 12,000 धरली, तर नुसती ती भरून निघायला 189 तिकिटं लागतात. रोज एकच खेळ मिळाला तर खेळामागे 27 प्रेक्षक. त्याआधी हातात एक पैसा येत नाही, जाहिरातीचा खर्च तर लांबच. दुसऱ्या आठवड्यात हिस्सा 42.5 टक्क्यांवर येतो, तिकिटामागे 54 रुपये. मग वितरक काय करतो? ज्या गावात 20 माणसं येतील असं वाटतं, तिथे चित्रपट लावतच नाही.

पडदा क्र. 3

पूर्ण असहमत. प्रिंटच्या काळाचं हे चित्र फार गोड आहे.

साठ हजारांची प्रिंट, तर छोटा निर्माता काढायचा किती? दहा, फार तर पंधरा. महाराष्ट्र एकाच वितरण क्षेत्रात येत नाही हेही विसरू नका. पश्चिम महाराष्ट्र, कोकण आणि गोवा मुंबई सर्किटमध्ये, विदर्भ सीपी-बेरारमध्ये, मराठवाडा निझाममध्ये. पंधरा प्रिंटांतल्या बारा मुंबई सर्किटमध्येच फिरायच्या. नांदेड-लातूरला मराठी चित्रपट पोचायचा तो दोन-तीन महिन्यांनी, पडद्यावर हिरव्या रेघांचा पाऊस आणि जोड लावताना कापलेल्या फ्रेममुळे मधेच उडी मारणारे संवाद. तोवर त्याची चोरटी सीडी बसस्टँडवर मिळायची. आज गडहिंग्लजला पहिल्या शुक्रवारी तीच प्रत लागते जी पुण्यात लागते, आणि चाळिसाव्या खेळालाही ती पहिल्यासारखीच असते.

दुसरं, सर्व्हरचा लॉग. कोणती फाइल किती वाजता सुरू झाली, पूर्ण चालली का, हे सगळं नोंदलं जातं. पूर्वी थिएटरने कागदावर न दाखवलेला जादा खेळ चालवला तर तो शोधायला वितरकाचा माणूस गावात बसवून ठेवावा लागायचा. लॉगमधून तिकिटांचा आकडा कळत नाही हे खरं, पण खेळ लपत नाही.

आणि टिकण्याचा प्रश्न फीमुळे आलेला नाही. मल्टिप्लेक्सवाले शुक्रवार-शनिवारचे आकडे बघून लगेच खेळ फिरवतात. फी उद्या शून्य झाली तरी सकाळी 9:45 चा खेळ 9:45 लाच राहील. 2015 मध्ये मराठीला प्राइम टाइम देण्याचं ठरलं, तेव्हा ती वेळ दुपारी 12 ते रात्री 9 अशी धरली गेली. नोकरदार माणूस मंगळवारी दुपारी सव्वाबाराला कसा येणार? भांडायचं तर तिथे भांडा.

परदेशाचाही विचार करा. लंडन किंवा न्यू जर्सीतल्या महाराष्ट्र मंडळाला एका रविवारी एकच खेळ करायचा असेल, तर त्यासाठी प्रिंट विमानाने पाठवणं कुणालाच परवडत नसे. आता फाइल आणि ती उघडायची डिजिटल किल्ली पाठवली की काम होतं.

मास्टरिंग टेबल

दोघांच्या वादात एक गोष्ट राहून जातेय. फीचे पैसे भरूनही पहिला खेळ रद्द होतो तो बहुतेक वेळा फाइल नीट न बनवल्यामुळे, आणि हे नुकसान निर्मात्याच्या हातातलं आहे.

डीसीपी म्हणजे एक व्हिडिओ फाइल नव्हे. ते एक फोल्डर असतं. चित्र जेपेग 2000 मध्ये, प्रत्येक फ्रेम सुटी. आवाज 24 बिट, 48 किलोहर्ट्झ, न दाबलेला. आणि कोणती फाइल कधी वाजवायची ते सांगणाऱ्या एक्सएमएल याद्या. चित्राच्या डेटाची कमाल गती सेकंदाला 250 मेगाबिट. दोन तासांना हे जास्तीत जास्त 225 जीबी होतं. 200 जीबीची फाइल 100 एमबीपीएसच्या लाइनवर साडेचार तासांत उतरते, 20 च्या लाइनवर बावीस तास लागतात. गुरुवारी संध्याकाळी फाइल चढवून शुक्रवारी सकाळचा खेळ मागणाऱ्यांनी एवढा गुणाकार करावा.

नेहमी होणाऱ्या चुका सांगतो.

टीव्हीच्या सवयीने 25 फ्रेमवर शूटिंग. थिएटरची मूळ गती 24. इंटरऑप या जुन्या पद्धतीच्या पॅकेजमध्ये (म्हणजे डीसीपीत) 25 चालेलच याची खात्री नसते. मग कोणीतरी चित्र 24 वर आणतो, आवाज तसाच ठेवतो, आणि दहाव्या मिनिटाला ओठ आणि शब्द पंचवीस सेकंदांनी फाटलेले असतात. दोन्ही मिळून 4 टक्के संथ करावं लागतं आणि आवाजाची पट्टी पुन्हा वर घ्यावी लागते. कॅमेऱ्यावर पहिल्याच दिवशी 24 लावलं तर हे काहीच करावं लागत नाही.

मराठी सबटायटल. डीसीपीत मजकूर आणि फाँट वेगळा देता येतो, पण काही सर्व्हरवर जोडाक्षरं फुटतात. ‘प्रश्न’चं ‘प् रश् न’ होऊन पडद्यावर येतं. देवनागरी असेल तर प्रत्येक ओळ पारदर्शक पीएनजी चित्र म्हणून द्या, नाहीतर चित्रातच कायमची छापा.

आणि केडीएम, म्हणजे किल्ली. पॅकेज बहुधा कुलूपबंद असतं. किल्ली एका ठरावीक सर्व्हरच्या प्रमाणपत्रावर (त्याच्या डिजिटल ओळखीवर) आणि ठरावीक वेळेपुरती बनते. ही वेळ अनेकदा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत लिहिलेली असते. शुक्रवार 00:00 यूटीसी म्हणजे आपल्याकडे शुक्रवारी पहाटे साडेपाच. गुरुवारी रात्री नऊचा पेड प्रीव्ह्यू ठेवला असेल तर हॉल भरलेला, फाइल सर्व्हरवर हजर आणि पडदा काळा. सर्व्हरचं घड्याळ मागेपुढे करून सुटका होत नाही. सुरक्षित घड्याळात वर्षभरात सहा मिनिटांच्या पलीकडे बदल करता येत नाही. सर्व्हरमधला मीडिया ब्लॉक (फाइल उलगडून चित्र देणारा भाग) बदलला असेल तर प्रमाणपत्रही बदलतं आणि आधीच्या सगळ्या किल्ल्या बाद. म्हणून किल्ल्या दोन दिवस आधी मागवा, थिएटरला प्रमाणपत्राचा क्रमांक पुन्हा विचारा आणि किल्ली चढवून पहिली दोन मिनिटं चालवून बघायला सांगा. डीसीपी-ओ-मॅटिक हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर वापरून घरीही पॅकेज बनतं, पण मोठ्या पडद्यावर एकदा पूर्ण पाहिल्याशिवाय ते पाठवू नये.

तंबू आणि कनात

गडहिंग्लजला पुण्यासारखीच प्रत लागते हे अर्धं खरं आहे. फाइल तशी असेल, पण प्रोजेक्टर? अनेक एकपडदा थिएटरांत आणि फिरत्या टॉकीजमध्ये सुरुवातीला आलेली यंत्रणा हॉलीवूडच्या डीसीआय प्रमाणाची नव्हती. चित्र उपग्रहावरून एमपेग स्वरूपात यायचं, रिझोल्यूशन पूर्ण 2के (रुंदीला सुमारे दोन हजार ठिपके) पेक्षा कमी. त्यात दिवा. डीसीआयप्रमाणे पडद्यावर 14 फूट-लॅम्बर्ट उजेड हवा. झेनॉनचा दिवा ठरलेले तास उलटूनही वापरला की उजेड उतरत जातो, पुढे लुकलुकायला लागतो. रात्रीचा प्रसंग असलेला मराठी चित्रपट मग नुसता काळा दिसतो आणि लोक म्हणतात, फोटोग्राफी वाईट आहे. ग्रेडिंग करताना, म्हणजे रंग आणि उजेड जुळवताना, अंधारातले चेहरे थोडे वर उचलून ठेवावेत, एवढं तरी निर्मात्याने करावं.

जत्रेतली अडचण आणखी वेगळी आहे. जनरेटरचा दाब घसरला की जुन्या प्रोजेक्टरवर आवाज जड व्हायचा, चित्र मंदावायचं, पण खेळ चालू राहायचा. फिल्म तुटली तर ऑपरेटर टेप लावून दोन मिनिटांत जोडायचा. सर्व्हरला झटका बसला की तो बंद पडून पुन्हा सुरू होतो, आणि तोवर हजार माणसं तंबूत शिट्ट्या मारत बसतात. सर्व्हरला स्वतंत्र ऑनलाइन यूपीएस हवाच आणि हवेची जाळी रोज झटकायची, कारण मैदानातली धूळ थेट आत जाते. बिघाड झाला तर गावात दुरुस्त करणारा कुणी नसतो.

वितरणवही

पडदा क्र. 3, लॉगचा आणि मराठवाड्याचा मुद्दा मान्य. पंधरा प्रिंटांत लातूर बसत नव्हतं, हे मी लिहायला हवं होतं.

पण फी आणि खेळाची वेळ या दोन सुट्या गोष्टी आहेत असं मला वाटत नाही. सकाळच्या खेळाला आणि रात्रीच्या खेळाला फी बहुधा सारखीच लागते, कारण ती पडद्यावर आहे, प्रेक्षकांवर नाही. वाईट वेळ मिळालेल्याला ती जास्त जड जाते. शिवाय निवड कुठे आहे? भाड्याच्या यंत्रावर दुसऱ्या कंपनीने डिजिटल प्रत तयार केलेला चित्रपट चालवू नये, अशी अट थिएटरांवर घातल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने एप्रिल 2025 मध्ये यूएफओ मूव्हीज आणि क्यूब या यंत्रं भाड्याने देणाऱ्या कंपन्यांना दंड केला. अशा अटींमुळे निर्मात्याला दोन-तीन ठिकाणी तेच काम पुन्हा करून घ्यावं लागतं.

माझी मागणी फी रद्द करा अशी नाही. यंत्राला खर्च आहे, दिवा बदलावा लागतो, माणूस लागतो. फी खेळागणिक लावा आणि दुसऱ्या आठवड्यापासून उतरती ठेवा. सात खेळांना सातांचे पैसे, तीन दिवसांत काढला तर तिनांचेच.

पडदा क्र. 3

खेळागणिक फीला माझा विरोध नाही, तसे करार होतातही. छोट्या निर्मात्याला ते मागता येतात हेच ठाऊक नसतं. पण उतरत्या फीचा भार शेवटी एकपडदा थिएटरवर येईल. तिथे आधीच आठवड्याचं ठोक भाडं सुटत नाही म्हणून गाळे काढायचं चाललंय. पडदाच बंद झाला तर फी कुठे लावणार?

जुनं निगेटिव्ह

‘मालमत्ता’ हा शब्द धागाकर्त्यांनी वापरला, तो मला फार महत्त्वाचा वाटतो, पण वेगळ्या कारणाने. खेळ संपल्यावर निर्मात्याकडे काय उरतं?

प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ 1932 चा. आजही बघता येतो, कारण फिल्म जपून ठेवली की पिढ्यान् पिढ्या राहते. गेल्या पंधरा वर्षांतल्या छोट्या मराठी चित्रपटांच्या निर्मात्यांकडे मात्र बहुधा एक हार्ड डिस्क असते. कपाटात पाच वर्षं न फिरवता पडलेली. ती सुरू होईलच असं नाही. थिएटरचा कुलूपबंद डीसीपी असला तरी किल्लीची मुदत संपलेली आणि मूळ चावी, जिच्यावरून नव्या किल्ल्या बनतात, ती लॅबच्या संगणकावर. लॅब बंद पडली की संपलं.

करायचं काय, तर अंतिम ग्रेड झालेलं चित्र 16 बिट टिफमध्ये (प्रत्येक फ्रेमची वेगळी चित्रफाइल) घ्या. 2के ला दोन तासांच्या 1,72,800 फ्रेम, सव्वादोन टीबीच्या आसपास. संवाद, संगीत आणि इफेक्टचे ट्रॅक वेगवेगळे घ्या. डबिंगचे हक्क विकायची वेळ येते तेव्हा हेच नसतात. एक डीसीपी कुलूप न लावलेला. सगळ्याचा एमडी5 चेकसम (फाइल जशीच्या तशी आहे का हे तपासायचा आकडा) काढून दोन एलटीओ टेपवर (डेटा साठवायच्या चुंबकीय टेपवर) ठेवा, दोन्ही टेप दोन शहरांत. एलटीओ-8 टेपवर 12 टीबी मावतं. पण एलटीओ-8 चं यंत्र फक्त त्याआधीची एलटीओ-7 टेप वाचतं, एलटीओ-6 नाही. म्हणजे सात-आठ वर्षांनी सगळं नव्या टेपवर उतरवावं लागतं. हा खर्च बजेटमध्ये पहिल्या दिवशी लिहिलेला हवा.

पडदा क्र. 3

फिल्म आपोआप टिकते असं मात्र म्हणू नका. जानेवारी 2003 मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचा नायट्रेटचा, म्हणजे चटकन पेट घेणाऱ्या जुन्या फिल्मचा साठा जळाला, त्यातलं बरंच कायमचं गेलं. एकच निगेटिव्ह, एकाच खोलीत. डिजिटलची निदान तंतोतंत दुसरी प्रत काढता येते.

जुनं निगेटिव्ह

काढता येते, पण काढतं कोण? लॅबच्या करारात अंतिम बिल चुकतं करण्याआधी तीन ओळी घाला: मूळ चावी निर्मात्याला मिळेल, कुलूप नसलेली प्रत मिळेल, आणि चेकसमची यादी सहीनिशी मिळेल. बिल चुकतं झाल्यावर मागितलं तर लॅबच्या सर्व्हरवरून फाइल पुसलेली असते, कारण पुढच्या चित्रपटाला जागा लागते.

मास्टरिंग टेबल

आणि मिळालेली टेप त्याच दिवशी दुसऱ्या यंत्रावर वाचून चेकसम जुळवून बघा. लिहिताना चूक नाही दाखवली म्हणजे वाचता येईलच असं नसतं.